दोन नोकऱ्या, एक दहावी आणि ऐंशीच्या घरातले आजी-आजोबा: घराचं वेळापत्रक बसवायचं कसं

गावाकडचं घर बंद करून आई-वडील किंवा सासू-सासरे कायमचे आपल्याकडे राहायला येतात, तेव्हा पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मुलं खूश असतात, संध्याकाळी घरात दिवा लागलेला असतो, कुरियर घ्यायला माणूस असतं. मग एका सोमवारी आजोबांच्या रक्ततपासणीला येणारा लॅबचा मुलगा, मुलीची स्कूलबस, गॅसवाला आणि ऑफिसची साडेनऊची मीटिंग असं सगळं एकदम अंगावर येतं. ‘आज घरी कोण थांबणार?’ या प्रश्नावर नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहतात.

हा लेख त्या सोमवारपर्यंत पोहोचलेल्यांसाठी आहे. शहरातला दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघं नोकरी करणारे, एक-दोन मुलं शाळेत, आणि हिंडते-फिरते पण शुगर, बीपी, गुडघे असं काही ना काही सांभाळणारे आजी-आजोबा, अशी घरं मी डोळ्यांसमोर ठेवली आहेत. पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा हा वेगळा विषय आहे.

बहुतेक घरांत वेळापत्रक असतंच, फक्त ते घरातल्या एका बाईच्या डोक्यात असतं. कोणती गोळी संपत आली, फिजिओवाली कधी येणार, मुलाचा प्रोजेक्ट कधी द्यायचाय, हे सगळं तिलाच ठाऊक. ती तापाने पडली की घर ठप्प. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत, की तिच्या डोक्यातलं कागदावर यावं आणि तो कागद वाचून घरातल्या दुसऱ्या कुणालाही दिवस काढता यावा.

पायरी १: आठवडाभर काही बदलू नका, फक्त लिहा

फ्रिजवर एक वही टांगा, दोरीने पेन बांधा. जो जे काम करेल ते त्याने वेळेसकट लिहायचं. डबे भरणं, गोळ्या देणं, डॉक्टरांच्या रिसेप्शनला फोन लावून ताटकळणं, आजींना देवळात सोडणं, वायफाय बंद पडला म्हणून आजोबांनी ऑफिसमध्ये केलेल्या फोनला उत्तर देणं, सगळं. फोनची कामं हमखास लिहायची राहतात आणि खरा वेळ तीच खातात.

आठवड्याने वही वाचली की दोन गोष्टी दिसतात. पहिली, एकाच व्यक्तीचं अक्षर पानभर आहे. यावर भांडण होणार हे गृहीत धरा, पण वही तशीच टेबलावर असू द्या. दुसरी, दिवसभरात खरी अडचण फार थोड्या वेळेला होते. बहुतेक घरांत ती सकाळी साडेसहा ते साडेआठमध्ये असते आणि तिचं नाव बाथरूम. बसचा हॉर्न वाजतोय, आजोबा आत आहेत, आणि बाहेरून कुणी दार वाजवलं की ते घाईने उठतात. म्हातारी माणसं पडतात ती अशा घाईत. यावरचा उपाय अगदी साधा असतो: शौचाला पहाटे जावं, अंघोळ मात्र शाळा-ऑफिसची गर्दी ओसरल्यावर दहा वाजता करावी. ‘पारोसं बसणार नाही’ असं आजोबा म्हणतील. देवपूजाही दहानंतर ठेवू, असं ठरवून त्यांच्याशी शांतपणे बोला. हा बदल त्यांना विचारून केला तर टिकतो, लादला तर चार दिवसांत मोडतो.

पायरी २: सगळ्या गोळ्या एका ताटात

रविवारी दुपारी स्टीलचं मोठं ताट घ्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या त्यात ओता. उशीखालच्या, देव्हाऱ्यामागच्या, पर्समधल्या, गावाहून आणलेल्या डब्यातल्या, सगळ्या. आता प्रत्येक पाकिटावर मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं नाव वाचा. इथे धक्के बसतात. गावच्या डॉक्टरांनी दिलेली बीपीची गोळी आणि इथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी दिलेली गोळी यांची नावं वेगळी असतात, पण मागे दोन्हीवर टेल्मिसार्टनच लिहिलेलं असतं. म्हणजे माणूस दुप्पट औषध घेतोय आणि उठताना चक्कर येते म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडे निघालाय. असं काही सापडलं तर स्वतः गोळी बंद करू नका. ताटाचा फोटो काढा, नावं कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा. ‘यातलं काय चालू ठेवायचं आणि कधी द्यायचं, ते तुमच्या हाताने लिहून द्या,’ असं स्पष्ट सांगा.

वेळा ठरवताना डॉक्टरांना विचारायच्या तीन-चार गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तास तरी घ्यायची नसते. लघवी जास्त होण्याची गोळी शक्यतो सकाळी देतात. ती चुकून रात्री गेली तर रात्रभर उठबस होते आणि अंधारात पडण्याची भीती. मधुमेहाच्या बऱ्याच गोळ्या जेवणाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे जेवणाची वेळ सरकली की गोळीचीही वेळ सरकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दात काढण्याच्या आधीसुद्धा डॉक्टरांना सांगावं लागतं, म्हणून तिच्याभोवती यादीत लाल चौकट करा.

मग आठवड्याचा गोळ्यांचा डबा आणा, दिवसाला चार कप्पे असलेला. त्यावर वारांची अक्षरं इंग्रजीत असतात, तेव्हा वरून मराठी चिठ्ठ्या चिकटवा. नुसतं ‘शु’ आणि ‘श’ लिहिलंत तर चष्म्याशिवाय दोन्ही सारखीच दिसतात. ‘शुक्र’ आणि ‘शनि’ लिहा. डबा रविवारी संध्याकाळी एकाने भरायचा आणि दुसऱ्याने यादी हातात धरून तपासायचा. शाळेतली मुलं हे तपासणं फार चोख करतात, भरायला मात्र त्यांना बसवू नका. औषधवाल्याने ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं पाकीट दिलं तर आजींना ते आधी दाखवा. त्या गोळी ओळखतात ती रंगाने आणि आकाराने. कालची गुलाबी गोळी आज पांढरी दिसली, तर त्या दोन्ही घेतील किंवा एकही घेणार नाहीत.

पायरी ३: दिवसाचे खुंटे ठोका

आता प्रत्यक्ष तक्ता. सगळा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासात कापू नका, तसा तक्ता दोन दिवसही पाळला जात नाही. जे हलवता येत नाही तेवढंच आधी लिहा: गोळ्या, जेवणं, बसची वेळ, ऑफिसला निघण्याची वेळ, पाणी येण्याची वेळ. बाकीचं त्यांच्या आजूबाजूला सैल ठेवा. ठाण्या-पुण्यातल्या एखाद्या घराचा तक्ता साधारण असा दिसेल:

सकाळी ६: आजींची थायरॉइडची गोळी. चहा साडेसहाला.
६.३० ते ८: बाथरूम मुलांचं आणि ऑफिसवाल्यांचं. आजोबा बाल्कनीत, पेपर.
८: आजी-आजोबांचा नाश्ता आणि सकाळच्या गोळ्या. देणारा: बाबा.
८.३०: मावशी येतात. बाबा पाच मिनिटं थांबून वही दाखवतात, मगच निघतात.
१०: अंघोळ, पूजा.
१२.३०: जेवण, दुपारच्या गोळ्या. देणारी: मावशी. डब्याच्या रिकाम्या कप्प्याचा फोटो आईला.
४.३०: मुलगी शाळेतून. आजीबरोबर चहा, दूध.
५.३०: आजोबा खाली बाकावर, मित्रमंडळी. फोन खिशात.
७.३०: दिवसाची उजळणी, दोन मिनिटं. देणारी-घेणारी: आई आणि मावशी.
८.३०: जेवण, रात्रीच्या गोळ्या.

प्रत्येक ओळीत माणसाचं नाव हवं. ‘गोळ्या द्यायच्या’ असं लिहिलं की ते पुन्हा त्याच एका बाईकडे जातं. ‘देणारा: बाबा’ लिहिलं की बाबांना ऑफिसमधून फोन करून ‘दिल्या का?’ असं विचारावं लागत नाही, कारण त्या त्यांनीच दिलेल्या असतात.

तक्त्यात आजी-आजोबांच्या वाट्यालाही कामं लिहा. भाजी निवडणं, वाटाणे सोलणं, नातवाचे पाढे, लाइटबिलाची तारीख लक्षात ठेवणं, दूधवाल्याचा हिशेब. ज्या माणसाने चाळीस वर्षं संसार चालवला, त्याला नुसतं ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ म्हटलं की तो दोन प्रकारे वागतो: गप्प गप्प होतो, नाहीतर दर दहा मिनिटांनी हाक मारतो. आजोबा लाइटबिलाच्या तारखेची आठवण महिन्यातून पाच वेळा करतील. करू द्या. तक्त्यातलं एक काम तेवढं तरी कधी चुकणार नाही.

पायरी ४: भिंतीवर एक, फोनमध्ये एक

तरुण मंडळींना वाटतं की फोनमधलं सामायिक कॅलेंडर पुरे. ते ऑफिसवाल्यांना पुरतं, पण आजींना दिसत नाही. आणि जे त्यांना दिसत नाही त्याबद्दल त्या विचारत राहतात. म्हणून भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’ला त्याची जुनीच नोकरी पुन्हा द्या. नाहीतरी दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख आपण त्यावरच लिहीत आलो. डॉक्टरांच्या तारखा लाल पेनने, मुलांच्या परीक्षा निळ्याने, आणि घरातलं मोठं माणूस बाहेरगावी जाणार असेल ते दिवस आडवी रेघ मारून. फोनमधलं कॅलेंडर त्याच्याशी दर रविवारी जुळवून घ्यायचं.

भिंतीवरच्या कॅलेंडरचा दुसरा फायदा म्हणजे त्यात उपास दिसतात. चतुर्थी, एकादशी, नवरात्र, श्रावणातले सोमवार हे सगळं औषधांच्या तक्त्याशी टक्कर घेतं. आजी दिवसभर उपाशी राहून मधुमेहाची गोळी घेतात आणि दुपारी घाम फुटतो; किंवा साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि खजूर खाऊन दुसऱ्या दिवशी तपासणीत साखर चढलेली दिसते आणि डॉक्टर औषध वाढवतात. तपासणीची तारीख घेताना आदल्या दिवशी एकादशी नाही ना, एवढं बघा. आणि महत्त्वाच्या उपासांच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांकडून एकदाच लिहून घ्या. ‘उपासच करू नका’ या वाक्याचा घरात उपयोग होत नाही, तेच वाक्य डॉक्टर बोलले तर थोडा होतो.

वर्षाची कामंही याच कॅलेंडरवर आत्ताच टाकून ठेवा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय २०१४ मध्ये सुरू झाली. आता फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही तो दाखला काढता येतो, त्यामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत खेटे घालायची गरज उरलेली नाही. तेही जमत नसेल तर थोडं शुल्क घेऊन पोस्टमन घरी येऊन करून देतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनवाल्यांचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो, तेव्हा त्यांचा नोव्हेंबर कोणता ते स्वतः ठरवा आणि लिहून ठेवा. एप्रिलमध्ये व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म, पावसाळ्याआधी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस, मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख एक महिना आधी.

पायरी ५: भावंडांमध्ये वाटणी

हा भाग अवघड आहे आणि त्याला शॉर्टकट नाही. आई-वडील एकाकडे राहतात, बाकीची भावंडं ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात. ती मनापासून म्हणतात, पण त्या वाक्यामुळे एक काम वाढतंच: काय लागतंय ते शोधून सांगण्याचं. म्हणून मदत मागू नका, अख्खं खातं सोपवा. मेडिक्लेम हे एकाचं खातं: हप्ता, कार्ड, क्लेमचे कागद, टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) मागे लागणं, सगळं त्याचं. औषधं ऑनलाइन मागवणं दुसरीचं. बिलं आणि बँक तिसऱ्याचं. यातलं काहीच दूर असल्यामुळे अडत नाही.

परदेशात असलेल्या भावंडाला तर एक जास्तीची सोय आहे. इथे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा असतात. आजोबांना झोप येत नाही आणि कुणाशी तरी बोलायचं असतं, ती वेळ तिकडे जागं असलेल्या मुलीची. रोज ठरावीक वेळी अर्धा तास व्हिडिओ कॉल, आणि त्या अर्ध्या तासात इथल्या सुनेने स्वयंपाकघर आवरून शांत बसायचं. याला मी खरी मदत म्हणते.

जवळ राहणाऱ्या भावंडाने महिन्यातून एक शनिवार-रविवार इथे येऊन राहावं. आई-वडिलांना तिकडे हलवण्यापेक्षा हे बरं, कारण ऐंशीच्या माणसाला बाथरूमची सवय बदलणं सर्वांत जड जातं. पैशांचं मात्र तोंडी ठेवू नका. महिन्याचा खर्च एका तक्त्यात टाका, सगळ्यांना दिसेल असा. कुणी किती घालायचे हे प्रत्येकाच्या परिस्थितीवर आहे, पण आकडा दिसला की ‘एवढा कशाला खर्च येतो?’ हा प्रश्न बंद होतो.

मुलांनाही वाटा द्या, पण मोजका. आजोबांचा फोन चार्जिंगला लावणं, संध्याकाळी आजीला पेपरमधलं बारीक अक्षरातलं वाचून दाखवणं, एवढं पुरतं. रात्री उठून आजोबांना बाथरूमला नेणं हे दहावीच्या मुलाचं काम नाही, तो कितीही आनंदाने करत असला तरी. जानेवारी ते मार्च त्याच्या नावापुढचं सगळं दुसऱ्या कुणाकडे सरकवा आणि ते कॅलेंडरवर आधीच लिहा.

पायरी ६: मावशी

घरात मदतीला बाई ठेवायची तर आधी नेमकं काय हवंय ते ठरवा. स्वयंपाकाच्या मावशी, वरकामाच्या मावशी आणि पेशंट सांभाळणाऱ्या मावशी ही तीन वेगळी कामं आहेत. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून येणाऱ्या मावशींची ड्युटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची असते. ‘चोवीस’ म्हटलं तरी त्यांना रात्री सलग झोप आणि दिवसा दोन-तीन तास मोकळे लागतात. ते न धरता तक्ता केलात तर पंधरा दिवसांत मावशी बदलतात, आणि प्रत्येक नव्या मावशीला आजोबांची लाज पुन्हा पहिल्यापासून घालवावी लागते. पुरुष माणसाच्या अंघोळीसाठी ब्युरोकडे ‘ब्रदर’ही मिळतात, आधी विचारा.

ठरवताना बोलून घ्यायच्या गोष्टी: आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस ब्युरो देणार का, जेवण कुणाचं, डायपर बदलण्याचं काम यात धरलंय का, गावाला जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. आधारची प्रत घ्या, पोलीस पडताळणी ब्युरोने केली आहे का ते कागद पाहून खात्री करा. दागिने, चेकबुक, एटीएम कार्ड कपाटात कुलपाआड. हे अविश्वास दाखवणं वाटतं, पण त्याने मावशींचंही भलं होतं. आजींनी स्वतःच कुठे तरी ठेवलेली बांगडी सापडली नाही की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं.

कोकणातल्या मावशी गणपतीत गावी जाणारच, इतर भागांतल्या दिवाळीत, आणि मे महिन्यात लग्नं. ब्युरोकडेही नेमकी तेव्हाच माणसं नसतात. म्हणून जुलैमध्येच कॅलेंडर उघडून गणपतीतले दिवस वाटून टाका: दोन दिवस तुम्ही रजा, दोन दिवस नवरा, एक दिवस नणंद. ऐनवेळी बदली मावशी शोधणं आणि मोदक करणं एकाच दिवशी जमत नाही.

पायरी ७: डॉक्टरांचा दिवस

तपासण्या आणि डॉक्टर एका आठवड्यात बसवा. सोमवारी सकाळी सात वाजता लॅबचा मुलगा घरी येऊन उपाशीपोटीचं रक्त घेऊन जातो, जेवणानंतरच्या साखरेसाठी पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, रिपोर्ट संध्याकाळी फोनवर. बुधवारी डॉक्टर. डोळ्यांचे, हाडांचे आणि शुगरचे डॉक्टर एकाच इमारतीत किंवा एकाच रस्त्यावर असतील तर एका फेरीत दोन उरका, तिघांना एकदम नको. दोन ओपीडींनंतर म्हातारं माणूस थकतं आणि तिसऱ्या डॉक्टरांसमोर ‘काही त्रास नाही’ म्हणून मोकळं होतं.

आदल्या रात्री प्रश्न कागदावर उतरवा, जास्तीत जास्त पाच. पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण पाचवा विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येतो. बरोबर फाइल, गोळ्यांची यादी, पाण्याची बाटली, बिस्किटं, स्वेटर (एसीत थंडी वाजते), आणि मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा लिमलेटच्या गोळ्या. अर्ध्या दिवसाची रजा लिहा. ‘तासाभरात येतो’ असं ऑफिसात सांगून निघालेला कुणी वेळेवर परतलेला मी पाहिलेला नाही.

पायरी ८: तक्ता बाजूला ठेवायची वेळ

काही लक्षणं दिसली की दिवसाचं सगळं वेळापत्रक सोडून द्यायचं. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलताहेत, नाहीतर सारखी झोप येतेय, जेवताना डुलक्या लागताहेत, तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका. रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवीचा संसर्ग, साखर उतरणं, ही सगळी कारणं अशीच दिसतात आणि वेळेत गेलं तर बरी होतात. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलताना जीभ अडखळणं दिसलं तर ते कधी सुरू झालं ती वेळ लिहा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. पडल्यावर डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दाखवा.

यासाठी दाराच्या आतल्या बाजूला एक पान चिकटवा, अक्षर मोठं. घराचा पूर्ण पत्ता खुणेसकट (घाबरल्यावर स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही), १०८ रुग्णवाहिका, ११२, जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभागाचा नंबर, मेडिक्लेमचा क्रमांक, चालू गोळ्या, ॲलर्जी, रक्तगट. त्याखाली: शेजाऱ्यांपैकी किल्ली कुणाकडे आहे, आणि मुलं शाळेतून आली तर कुणाकडे जातील. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं लॅच लावा, भिंतीला धरायला दांडा, रात्री पॅसेजमध्ये बारीक दिवा. दारातलं घसरणारं पायपुसणं मात्र आजच उचला, बाकीचं सुतार येईपर्यंत थांबेल.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. ती रुग्णवाहिकेसाठी नाही, पण पेन्शनची अडचण, कायदेशीर सल्ला, नाहीतर मनातलं बोलायला कुणी हवं असेल तर तिथे माणूस बोलतो.

पायरी ९: कागद, हात सही करतोय तोवर

हे काम कधीच ‘आज’ येत नाही, म्हणून त्याला तारीख देऊन कॅलेंडरवर टाका. बँकेची खाती संयुक्त आणि ‘दोघांपैकी कुणीही’ अशा पद्धतीने चालणारी आहेत का, प्रत्येक ठेवीला नॉमिनी नोंदवलाय का, ते एका बैठकीत बघा. मृत्युपत्राला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि ते दोघं मृत्युपत्रातून काही मिळणारे नसावेत. मुखत्यारपत्रावर विसंबून राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: ते देणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की आपल्या कायद्यात ते संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते कामाला येत नाही. विसरभोळेपणा दिसायला लागला असेल तर वकिलांकडे याच महिन्यात जा.

आधारवरच्या जन्मतारखेनुसार वय ७० झालं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ही योजना उत्पन्नाची अट न ठेवता लागू झाली. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेत असलेल्या रुग्णालयांत होतात. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आधी विचारून दारावरच्या पानावर लिहा. रात्री दोन वाजता ते शोधत बसता येत नाही.

पायरी १०: सांभाळणाऱ्याची सुट्टी

आठवड्यातले तीन तास, तक्त्यात लिहिलेले, जेव्हा मुख्य सांभाळणारी व्यक्ती घरी नसते. किराणा आणायला जाणं यात धरायचं नाही. त्याच वेळेला आजी-आजोबा ज्येष्ठ नागरिक संघात किंवा विरंगुळा केंद्रात जाऊ शकले तर दोघांचंही भागतं. पहिल्या दिवशी ते ‘तिथे सगळे म्हातारेच असतात’ म्हणून परत येतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा, शक्यतो ज्या दिवशी भजन किंवा कॅरम असेल त्या दिवशी.

पायरी ११: रुग्णालयातून घरी आल्यावर

हा तक्ता कधी ना कधी मोडणारच, आणि बहुतेक वेळा एखाद्या ॲडमिशनमुळे मोडतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत सगळे दमलेले असतात, पण त्याच दिवशी एक काम टाळू नका. डिस्चार्ज कार्डावरची औषधं आणि तुमची जुनी यादी शेजारी शेजारी ठेवून निघण्याआधी वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारा: जुन्यातलं काय बंद, काय चालू, कशाचा डोस बदलला? तीन रंगांत खुणा करून घ्या. घरी आल्यावर आठवड्याचा डबा पूर्ण रिकामा करा, बंद झालेल्या गोळ्यांची पाकिटं घराबाहेर काढा, नाहीतर आजी जपून ठेवतात आणि महिन्याने ‘ही उरलीय’ म्हणून घेतात. जुनी यादी फाडा. नवी यादी तारीख घालून दारावर, डब्यात आणि भावंडांच्या ग्रुपवर. पहिला आठवडा रात्री कोण जागणार, ते त्या संध्याकाळी जेवणाच्या आधी ठरवा. जेवणानंतर सगळे झोपायला गेलेले असतात.